नागनिका : नाणेघाटातले एक नाव



आपल्या मराठीत नाव ठेवणे निराळे आणि नावे ठेवणे निराळे. पहिले काम बारशाच्या दिवशी एकदाच होते, दुसरे मात्र जन्मभर चालू राहते! आज आपल्याला पहिल्या कामाविषयी बोलायचे आहे, आणि तेही एकाच नावाविषयी.

समजा, जून महिना आहे. शाळा नुकत्याच उघडल्या आहेत. पनवेल सोडून पुण्याच्या जुन्या रस्त्याला लागले आणि पळस्पे मागे टाकले, की कोन नावाचे गाव लागते. त्या कोनच्या शाळेत बाई पहिलीच्या वर्गाचा पट मांडून बसल्या आहेत. एक आई मुलीचा हात धरून येते. बाई विचारतात, “नाव काय हिचं?” आई सांगते, “नागनिका.” बाईंची लेखणी क्षणभर थांबते. नेहमीच्या नावांत हे नाव बसत नाही. बाकावरची पोरे एकमेकांकडे बघून हसतात. ‘नाग’ एवढेच त्यांना ऐकू आलेले असते. बाई विचारतात, “अर्थ काय हो ह्याचा?” आई म्हणते, “कुठल्याशा राणीचं नाव आहे म्हणतात. आम्हाला आवडलं, ठेवलं.”

आता, वाचकहो, त्या बाईंच्या जागी तुम्ही असता तर काय सांगितले असते? त्या मुलीला हसणाऱ्या पोरांना गप्प कसे केले असते? त्याचे उत्तर शोधायला आपण थोडे चालून येऊ. वाट चढाची आहे, पण आपल्या ओळखीच्या मुलखातलीच आहे.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांच्या माहितीचा असेल. त्या रस्त्यावर वैशाखरे गावाच्या पुढे एक पाऊलवाट जंगलात शिरते आणि सरळ सह्याद्रीच्या कड्याला भिडते. दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना उभे कातळ, आणि वर पोचले की जुन्नर तालुक्यातले घाटघर. हाच नाणेघाट. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून याच वाटेने देशावर चढत असे. घाटमाथ्यावर एक मोठा थोरला दगडी रांजण आजही आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात.

त्या रांजणाच्या अलीकडे, घाटाच्या तोंडाशी, कातळात खोदलेली एक गुहा आहे. इथे देव नाही, स्तूप नाही, भिक्खूंची खोली नाही. वाटसरूंनी टेकावे, दोन घटका विसावा घ्यावा, अशी ती जागा आहे. सुमारे २,००० वर्षांपूर्वी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, सातवाहन राजांच्या अमदानीत ती खोदली गेली. समोरच्या भिंतीवर त्या राजघराण्यातील माणसांचे पुतळे कोरलेले होते. होते असे म्हणतो, कारण आता ते नाहीत. पावलांच्या खुणांपलीकडे त्यांचे फारसे काही उरलेले नाही. कोणी फोडले, केव्हा पडले, हे सांगायला कोणी नाही. पण गंमत अशी, की पुतळे गेले तरी त्यांच्या डोक्यांवर कोरलेली नावे राहिली.

ती नावे ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. पहिले नाव सिमुक सातवाहनाचे, म्हणजे घराण्याच्या मूळ पुरुषाचे. त्यापुढे एक जोडनाव आहे, राणीचे आणि राजाचे. त्यात राणी आधी आहे बरे का, आणि राजा श्री सातकर्णी मागून! पुढे राजकुमारांची नावे आहेत, आणि त्यांच्यामध्ये ‘महारठी त्रणकयिर’ असे एक नाव आहे. हा महारठी त्या राणीचा बाप असावा, असे अभ्यासक मानतात. आणि त्या राणीचे नाव काय? देवी नायनिका. हीच आपली नागनिका.

तुम्ही म्हणाल, “अहो, नायनिका कुठं आणि नागनिका कुठं? ‘ग’चा ‘य’ कोणी केला?”

तर तो आपल्या पूर्वजांच्या जिभेने केला. दोन स्वरांच्या मधला ‘ग’ प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी टिकत नसे. तो पुसट होत होत ‘य’ होई, किंवा पार नाहीसा होई. संस्कृतातल्या भगिनीची आपण बहीण केली, ती अशीच. आणि नगर? नगराचे झाले नयर, आणि नयराचे झाले नेर. संगमनेर, पारनेर, अमळनेर ही गावे तुमच्या ऐकण्यात आहेतच. खुद्द नाणेघाटाच्या माथ्यावरचे जुन्नर म्हणजे जुने नगरच. ज्या जिभेने नगराचे नेर केले, तिनेच नागनिकेची नायनिका केली. शाळेतल्या बाईंनी हे एक उदाहरण फळ्यावर मांडले, तर मुलांना व्याकरणाचा एक नियम आणि आपल्या गावांच्या नावांचे एक गुपित, दोन्ही एकदम कळेल.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. नायनिका हे रूप पाहून कोणी म्हणेल, हे ‘नयन’ शब्दावरून आले असेल, सुंदर डोळ्यांची ती नायनिका. ऐकायला गोड आहे, पण तसे नाही. नयनापासून केलेले नाव वेगळे, आणि हे वेगळे. हिच्या नावात डोळा नाही, नाग आहे.

आता नाग म्हणजे काय? नागपंचमीला आपण पूजतो तो नाग, हा पहिला अर्थ. आपल्याकडच्या बायका त्याला भाऊ मानतात, आदल्या दिवशी भावाचा उपास करतात. भिण्याची वस्तू आणि माहेरचे नाते, दोन्ही त्या एका शब्दात एकत्र नांदतात. पण नाग शब्दाचा दुसराही अर्थ आहे, आणि तो आपण विसरलो आहोत. नाग म्हणजे हत्ती. संस्कृतात आणि प्राकृतात हा अर्थ अगदी रुळलेला होता. त्या काळच्या लेण्यांतून नाग शब्दाने सुरू होणारी बायका-पुरुषांची नावे पुष्कळ भेटतात. म्हणजे हा शब्द तेव्हा कोणाला विचित्र वाटत नव्हता. आपल्याकडे नागोजी, नागेश, नागूबाई ही नावे अगदी परवापरवापर्यंत घरोघर होतीच की.

राहिला नावाचा शेवट. त्यातला ‘इका’ हा बाईमाणसाच्या नावाला लागणारा, लहानपण आणि जिव्हाळा दाखवणारा प्रत्यय आहे. बालिका, कलिका या शब्दांत तो तुम्हाला ओळखू येईल. ‘निका’त संपणारी नावे त्या वेळी कोकणात आणि देशावर चालत होती, त्यांतले आणखी एक पुढे येणारच आहे. तेव्हा नागनिका हे नाव कोणा पंडिताने पोथी चाळून काढलेले नव्हे. घरच्यांनी लाडाने हाक मारावी, असे ते त्या काळचे चालते-बोलते नाव होते.

इथपर्यंत झाले नावाचे. पण नुसत्या नावाने माणूस कळत नाही. ह्या बाईने केले काय?

ते त्याच गुहेत लिहिलेले आहे. डाव्या आणि उजव्या भिंतींवर मिळून २० ओळींचा एक लांबलचक लेख आहे. आरंभी इंद्राला, संकर्षण आणि वासुदेवाला, चंद्रसूर्यांना आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना नमन आहे. मग एका राणीचे वर्णन येते. ती एका महारठीची मुलगी, दक्षिणापथाच्या राजाची बायको, वेदिश्री नावाच्या राजपुत्राची आई. ती महिना-महिना उपास करणारी. घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी. व्रते आणि यज्ञ यांत निष्णात. उत्तम हत्तींचे दान देणारी, म्हणजे लेखातल्या शब्दांत ‘नागवर’ देणारी. पाहा, इथे नाग म्हणजे हत्ती! नागनिकेच्या लेखातच नाग शब्दाचा दुसरा अर्थ आपल्याला भेटतो.

मग यज्ञांची यादी सुरू होते. अश्वमेध, राजसूय आणि इतर कितीतरी. प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा लिहिली आहे. कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती. कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. हे आकडे अक्षरांत नाहीत, चिन्हांत आहेत, आणि भारतातील जुन्यात जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते. तेव्हा शून्य नव्हते. दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. गणित शिकवणाऱ्या गुरुजींनी एकदा तरी ती भिंत डोळ्यांनी पाहावी.

दक्षिणेचे आकडे फुगवलेले असतील का? असतीलही. राजघराण्याच्या लेखात थोडी बढाई असायचीच. पण माझे लक्ष दुसरीकडे आहे. राजा यज्ञ करतो तेव्हा बायको शेजारी बसते, ही आपली रीत. सुपारी हातात घेऊन, नाहीतर नवऱ्याच्या हाताला हात लावून. इथे मात्र हिशेब सांगणारा लेख राणीच्या बाजूने लिहिलेला आहे. आणि तो राजवाड्यात नव्हे, देवळातही नव्हे. येणारा-जाणारा व्यापारी, हमाल, बैलवाला, ज्याला वाचता येईल तो वाचील, अशा हमरस्त्यावर लिहिलेला आहे. मुलगा लहान असताना राज्याचा कारभार हिनेच पाहिला असावा, असे अभ्यासकांना वाटते, ते यावरूनच.

आणि आता खरी गोष्ट सांगतो. त्या लांब लेखाचा दगड ठिकठिकाणी झिजला आहे, फुटला आहे. त्यात बापाचे कूळ वाचता येते, मुलाचे नाव वाचता येते, हत्ती-घोडे-गाई मोजता येतात. पण जिचा हा लेख, तिचे स्वतःचे नाव काही त्यात धड वाचता येत नाही. तिकडे समोरच्या भिंतीवर नाव आहे, पण पुतळा नाही, आणि केलेल्या कामाचा एक शब्द नाही. एका भिंतीवर नावावाचून काम, दुसऱ्या भिंतीवर कामावाचून नाव!

१८२८ च्या सुमारास साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही गुहा पाहून तिची हकीकत बाहेर आणली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मेहनतीने लेखांचे ठसे घेतले, वाचन केले. १८८३ साली ब्यूलर या जर्मन पंडिताने ते तपासून छापले. या मंडळींनी दोन भिंतींची गाठ घातली. ते काम आणि हे नाव एकाच बाईचे, असे त्यांनी दाखवले. आपल्याकडे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांच्या कोरीव लेखांवर मराठीतच मोठा ग्रंथ लिहून ठेवला आहे. शिक्षकांनी तो अवश्य पाहावा. सांगायचे एवढेच, की समोरच्या भिंतीवर ती पाच-सहा अक्षरे नसती, तर एवढे यज्ञ करणारी बाई आज ‘कोणीतरी राणी’ म्हणूनच राहिली असती.

आता घाट उतरून आपण आपल्या रायगड जिल्ह्यात येऊ. कोनहून दक्षिणेकडे, तळे तालुक्यात, राजपुरीच्या खाडीवर कुडे नावाचे गाव आहे. तिथल्या डोंगरात २६ लेणी आहेत. ही बौद्धांची लेणी. तिथे एक लेख आहे पदुमनिका नावाच्या भिक्षुणीचा. पदुम म्हणजे पद्म, कमळ. पाहिलेत, ‘निका’त संपणारे दुसरे नाव! तिने आपल्या शिष्यिणींसह लेणे दान दिले. आणि तिने आपली ओळख कशी सांगितली आहे? अमक्या पुरुषाची मुलगी अशी नाही. भिक्षुणी नागनिकेची मुलगी, अशी. आईही भिक्षुणी, लेकही भिक्षुणी, आणि आईचे नाव नागनिका.

म्हणजे बघा. तिकडे नाणेघाटात वैदिक यज्ञ करणारी महाराणी नागनिका, आणि इकडे कुड्याच्या खाडीकाठी मुंडण केलेली, भिक्षापात्र हाती घेतलेली नागनिका. धर्म वेगळा, स्थिती वेगळी, नाव एक. तेव्हा कोनच्या त्या आईला कोणी म्हटले की “हे राण्यांचं नाव, गरिबाघरी कशाला?” तर तिने खुशाल कुड्याचे नाव सांगावे.

कुड्यालाच शिवभूती नावाच्या एका लेखकाचे दान आहे. लेखक म्हणजे त्या भागातल्या महाभोजाच्या पदरी लिहिण्याचे काम करणारा. आजच्या भाषेत कारकून म्हणा. त्याच्या लेखात त्याची बायको नंदा हिचेही नाव आहे. आणि कोनहून बोरघाट चढून गेले, की मळवलीजवळ भाजे लेणी आहेत. तिथे एक अगदी छोटा लेख आहे. अर्थ एवढाच, की हे दान बाधा नावाच्या बाईचे, हालिकाच्या बायकोचे. हालिक म्हणजे नांगर धरणारा. वाचकहो, ही आपल्यातलीच. नांगरट्याच्या घरातली बाई, जिच्या हातांना शेणामातीचा वास असेल. तिने गाठीला बांधून ठेवलेल्या पैशांतून काही दिले, आणि कारागिराला सांगितले, “माझं नाव घाल.” नवऱ्याचा धंदा लिहिला आहे, नाव लिहिलेले नाही. नाव तिचे आहे.

ही नावे का उरली? बायका होत्या म्हणून नव्हे, बायका तर सगळ्याच काळात होत्या. त्यांनी आपल्या नावाने काही दिले, आणि देताना नाव सांगितले, म्हणून उरली. नाशिकच्या लेण्यांत नहपान राजाची मुलगी दक्षमित्रा एका खोलीचे दान देते, तेव्हा आपले नाव घालते. तिथेच गौतमी बलश्री आपल्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी लेणे दान देते, आणि आपल्या पराक्रमी मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन कोरवून घेते. गौतमी हे गोत्रावरून आलेले नाव, बलश्री हे तिचे स्वतःचे. आणि मुलगा कोण? गौतमीपुत्र. नातू कोण? वासिष्ठीपुत्र. हे राजे आपल्या नावाआधी आईचे गोत्रनाव लावीत.

यावरून तेव्हा बायकांचे राज्य होते, असे मात्र कोणी समजू नये. गादी मुलालाच मिळे, मुलीला नाही. पण मोठ्या राजाला आईच्या नावाने ओळखले जाण्यात कमीपणा वाटत नव्हता, एवढे तर खरे.

मग पुढे काय झाले? पुढे आपण बायकांची नावे घेणेच सोडले. चेष्टा नाही, आपल्या भाषेलाच विचारा. लग्नकार्यात पोरी-बाळी नव्या नवरीला घेराव घालून म्हणतात, “नाव घे.” कोणाचे नाव? नवऱ्याचे! ‘नाव घेणे’ या शब्दांचा अर्थच आपल्या बायकांपुरता असा ठरून गेला. स्वतःचे नाव तिने घ्यायचे नाही, आणि दुसऱ्यानेही घ्यायचे नाही. ती सासरी आली की ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहितात, माहेरचे नाव त्या तांदळांखाली जाते. मग ती धाकटी होते, थोरली होते, अमक्याची आई होते, तमक्या गावची होते. म्हातारी झाली की नुसती आजी. गावातल्या कोणा म्हाताऱ्याला विचारा, “बाबा, तुमच्या पणजीचं नाव काय?” पणजोबाचे सांगेल. त्याच्या बापाचेही सांगेल. पणजीचे नाव विचारले, की डोके खाजवील.

आणि कित्येकदा नावच असे ठेवले गेले, की ते पुसले जावे हेच बरे. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवतात. मुले जगत नसत, म्हणून काळाची दृष्ट लागू नये यासाठी मुद्दाम वाईट नाव ठेवीत. त्या नावामागे माया होती. पण ‘नकुसा’ हे नाव तसे नव्हे. नकुसा म्हणजे नकोशी. मुलींवर मुली झाल्या, आता ही पुरे, पुढच्या खेपेला मुलगा व्हावा, म्हणून या मुलीचे नाव नकुसा. शाळेच्या पटावर रोज सकाळी मोठ्याने हाक मारली जायची, “नकुसा!” आणि मुलगी उठून म्हणायची, “हजर.” विचार करा, काय म्हणत होती ती?

सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेण्यात आला, आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी समारंभ करून २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. जिल्हा परिषदेचे आणि सरकारी यंत्रणेचे हे काम लक्षात ठेवण्यासारखे आहे. नाव म्हणजे नुसता आवाज असता, तर एवढी खटपट कोणी केली असती का?

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली असे ठरवले, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लिहायचेच. आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. काही लोकांनी याला नवी टूम म्हटले. त्यांना नाशिकच्या लेण्यांकडे न्यावे, कुड्याला न्यावे. पदुमनिकेने आपल्या नावाला आईचे नाव जोडले, त्याला २,००० वर्षांच्या आसपास होत आली. टूम असलीच, तर ती फार जुनी आहे.

तर कोनच्या शाळेतल्या बाईंनी त्या मुलीच्या आईला काय सांगावे? मला वाटते, असे सांगावे. “नाव नेटकं ठेवलंत. नाग म्हणजे साप आणि नाग म्हणजे हत्तीही. हे नाव आपल्या घाटातल्या राणीचं आहे आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका भिक्षुणीचंही आहे. राणीचा पुतळा गेला, पण नाव गेलं नाही.” आणि हसणाऱ्या पोरांना म्हणावे, “हत्ती देणाऱ्या बाईचं नाव आहे रे हे. हसता काय?”

पण एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक मुलीचे नाव नागनिका ठेवा, असे माझे मुळीच सांगणे नाही. जुने नाव शोधून काढले आणि पाळण्यात ठेवले, म्हणजे इतिहासाचे ऋण फिटले, असे होत नाही. माझे सांगणे निराळे आहे, आणि ते शिक्षकांना आहे तसेच घरोघरच्या थोरामोठ्यांनाही आहे.

तुमच्या वर्गातल्या मुलांना एक घरकाम द्या. आईचे नाव, आईच्या आईचे नाव, बापाच्या आईचे नाव, आणि मिळाले तर पणजीचे नाव, वहीत लिहून आणायचे. माहेरचे नाव वेगळे असेल तर तेही. कोणते गाव, काय काम करीत होती, काय येत होते तिला. भात लावण्यात हात चांगला होता का, ओव्या येत होत्या का, बाळंतपणे करीत होती का, भांडणात पुढे होती का! मुले घरी विचारतील. कोणी म्हणेल, “कशाला पाहिजे तुला?” पण एखादी आजी चुलीपुढून उठून येईल आणि म्हणेल, “माझं खरं नाव सांगू?” आणि पन्नास वर्षांत कोणी न उच्चारलेले नाव त्या घरात बोलले जाईल. ती वही शाळेच्या कपाटात ठेवा. ते तुमच्या गावचे नाणेघाट समजा.

दगडात कोरायला राजाचा खजिना लागतो, असे नाही. भाज्याच्या त्या नांगरट्याच्या बायकोने ते दाखवून दिले आहे. कागदावर लिहायला तर तेवढेही लागत नाही. लागते ती फक्त विचारण्याची बुद्धी. आणि ती वेळेवर सुचावी लागते, कारण सांगणारी माणसे काही कातळाची नसतात.

बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेते, ‘कुर्रर्र’ करते आणि नाव सांगते. ते नाव पहिल्यांदा त्या लेकराच्या कानात जाते, मग गावाला कळते. तुमच्या घरी पुढचे बारसे मुलीचे असले, तर नाव कोणतेही ठेवा. नवे ठेवा, जुने ठेवा, आजीचे ठेवा. मात्र असे ठेवा, की पटावर हाक आली म्हणजे तिने ताठ मानेने “हजर” म्हणावे. आणि ती मोठी झाल्यावर तिचे ते नाव विसरू नका.